सरकता फ्लोट कसा बांधायचा: खोल पाण्यासाठी गळाची मांडणी

पाणी रॉडच्या लांबीपेक्षा खोल झालं की साधा फ्लोट (मासा टोचला की हलणारा तरंगता तुकडा) हात टेकतो. हिशोब सोपा आहे. रॉड सात फुटी, पाणी बारा फूट आणि मासा तळाला. फ्लोट तंगूसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, पक्का अडकवलेला असेल तर त्याच्याखाली बारा फूट तंगूस लोंबणार. ते फेकायचं कसं? समजा कसंबसं फेकलं आणि मासा लागलाही, तरी गुंडाळताना फ्लोट रॉडच्या टोकाच्या कडीला येऊन अडकतो आणि मासा अजून बारा फूट लांब पाण्यात धडपडत असतो.

सरकत्या फ्लोटमध्ये फ्लोट तंगूसावर मोकळा फिरतो. फेकताना तो खाली, शिशाच्या वजनाजवळ असतो, त्यामुळे लोंबतं जेमतेम तीन-साडेतीन फूट. पाण्यात पडल्यावर शिसं खाली जातं, तंगूस फ्लोटमधून सरकत राहतं आणि वर बांधलेली एक बारीक गाठ (स्टॉपर गाठ) येऊन फ्लोटला अडते. ती गाठ जिथे, तितकी खोली. गुंडाळताना हीच गाठ कड्यांमधून निघून रिळावर जाऊन बसते. सगळी युक्ती त्या गाठीत आहे, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या गाठीवर आणि ती कुठे बांधायची यावर आहे. नवीन माणूस मासा लागला नाही की आमिष बदलतो. बहुतेक वेळा आमिष बरं असतं, खोली चुकलेली असते.

सामान

खालचे आकडे चिलापी (तिलापिया), रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) अशा धरणातल्या माशांसाठी, काठावरून बसून गरवायच्या बेताने दिले आहेत.

रॉड सात ते नऊ फूट, रीळ २५०० किंवा ३००० नंबरचं. तंगूस साधं नायलॉनचं, ०.२५ ते ०.२८ मिलिमीटर. सुरुवातीला विणलेल्या (ब्रेडेड) तंगूसाच्या वाटेला जाऊ नका. ते गुळगुळीत असतं, त्यावर स्टॉपर गाठ घसरते, आणि गुंता झाला तर कात्रीशिवाय सुटत नाही. लीडरसाठी, म्हणजे गळाला बांधायच्या शेवटच्या तुकड्यासाठी, मुख्य तंगूसापेक्षा बारीक, ०.२० ते ०.२२ मिलिमीटर, म्हणजे गळ कुठे अडकलाच तर फक्त लीडर तुटेल आणि फ्लोट हातात राहील.

फ्लोट ५ ग्रॅमचा, मधून आरपार नळी असलेला, वरचं टोक बारीक आणि भडक रंगाचं. गोल चेंडूसारखे लाल-पांढरे फ्लोट दुकानात पहिले दिसतात, ते घेऊ नका. चेंडूला बुडवायला जोर लागतो, तो माशाला जाणवतो. शिवाय हलकी टोच, म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावणं, त्यावर दिसतच नाही. घरी करायचा असेल तर जुन्या स्लीपरच्या फोमची सुरळी कापून तिच्यातून रिकाम्या रिफिलची नळी आरपार घालता येते. फक्त नळीच्या कापलेल्या तोंडांना बारीक पॉलिश पेपर मारा, नाहीतर तीच कड तंगूस कापते.

याशिवाय ३ ते ४ मिलिमीटरचे काचमणी, आरपार भोक असलेलं ४ ग्रॅमचं लांबट शिसं, मधे चीर असलेले शिशाचे छोटे छर्रे, रबरी स्टॉपर, छोटं स्विव्हल (दोन कड्यांची फिरती जोडणी) आणि गळ. चिलापीला ८ ते १० नंबरचा गळ, रोहू-मृगळला ४ ते ६. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात शिरण्याआधी डोक्यात पक्कं करा. मणी फिशिंगच्या दुकानात मिळाला नाही तर कासाराकडचे काळे मणी चालतात. भोकाची कड धारदार नाही ना, एवढं तंगूसाचा तुकडा आतून पुढे-मागे घासून पाहा.

ओवायचा क्रम

रॉडच्या सगळ्या कड्यांमधून तंगूस बाहेर काढा आणि या क्रमाने ओवत जा:

१. मणी.
२. फ्लोट, रंगीत टोक रॉडकडे.
३. रबरी स्टॉपर. याच्याखाली फ्लोट जाणार नाही.
४. आणखी एक रबरी स्टॉपर आणि त्याखाली ४ ग्रॅमचं शिसं.
५. स्विव्हल, गाठ मारून.
६. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ४० सेंटिमीटरचा लीडर, त्याच्या टोकाला गळ.
७. लीडरवर, गळापासून १५ सेंटिमीटर वर, एक अगदी बारीक छर्रा.

रबरी स्टॉपर तारेच्या फासावर ओवलेले मिळतात. फासातून तंगूसाचं टोक घाला, रबर तारेवरून तंगूसावर ढकला, तार काढून टाका. रबर कोरडा ढकलू नका, थुंकी लावा. चौथ्या क्रमांकातला रबर शिशाला वरून टेकवून ठेवायचा, म्हणजे शिसं स्विव्हलपाशीच राहतं.

तिसऱ्या क्रमांकातला रबर कुठे ठेवायचा यावर गुंता होणं-न होणं ठरतं. शिशापासून गळ ४० सेंटिमीटर खाली आहे ना, मग हा रबर शिशाच्या वर निदान ४५ ते ५० सेंटिमीटर हवा. कारण फेकीत शिसं पुढे धावतं आणि लीडर मागे दुमडतो. दुमडलेला गळ फ्लोटपर्यंत पोचला की फ्लोटभोवती दोन वेढे ठरलेले. वरचं अंतर लीडरपेक्षा जास्त असेल तर गळ कितीही मागे आला तरी फ्लोटपर्यंत पोचत नाही. नवशिक्यांच्या दहातल्या सात गुंत्यांचं मूळ इथे असतं.

स्टॉपर गाठ

ही गाठ मुख्य तंगूसावर, मण्याच्या वरच्या बाजूला, वेगळ्या दोऱ्याने बांधायची. दोरा शिलाईचा पॉलिस्टर चालतो. थोडा खरखरीत असतो, म्हणून पकडतो. नायलॉनच्या तुकड्याने बांधाल तर टोकं ताठ राहतात आणि प्रत्येक फेकीला कड्यांवर टिकटिक करत जातात.

१. वीस सेंटिमीटर दोरा मुख्य तंगूसाला समांतर धरा.
२. दोऱ्याचं उजवं टोक डावीकडे वळवून आणा. दोरा आणि तंगूस यांच्यावर एक कमान तयार होईल.
३. तेच टोक कमानीच्या आतून, दोरा आणि तंगूस दोन्हींभोवती, चार ते पाच वेढे द्या.
४. दोन्ही टोकं हळू ओढा. वेढे एकमेकांशेजारी, स्प्रिंगसारखे बसायला हवेत. एकावर एक चढले तर सोडून पुन्हा बांधा.
५. थुंकी लावा आणि घट्ट करा. आता नखाने ढकलून पाहा. जोर लावल्यावर सरकली पाहिजे, नुसत्या बोटाने नाही.
६. टोकं एक-दीड सेंटिमीटर ठेवून कापा.

टोकं मुळाशी छाटायचा मोह होतो, दिसायला छान वाटतं. पण चार फेकींत वेढे सैल होतात आणि पुन्हा आवळायला धरायला काही उरत नाही. मऊ दोऱ्याची दीड सेंटिमीटरची टोकं कड्यांतून आडवी पडून निघून जातात, त्रास देत नाहीत.

पाण्यावर गाठ वर-खाली करताना दर वेळी ओली करा. कोरडी सरकवली की घर्षणाने तंगूस तापतं आणि तिथेच कुरळं होतं. तंगूस कुठे मोराच्या पिसासारखं वळलेलं दिसलं की समजा तिथे कोणीतरी गाठ कोरडी ओढली आहे. तेवढा भाग कापून टाका, मासा नेमका तिथेच तोडतो.

या गाठीचा आणखी एक फायदा. कमान करून आत वेढे द्यायची हीच रीत स्विव्हलला आणि गळाला बांधायलाही चालते, फक्त तिथे तंगूस आधी कडीतून ओवून घ्यायचं. घरी बसून वीस वेळा बांधा, मग तिन्ही गाठींचं काम झालं.

आता मण्याची परीक्षा. गाठ मण्याच्या भोकातून जाता कामा नये, मणी फ्लोटच्या नळीतून जाता कामा नये. एका हाताने फ्लोट, दुसऱ्याने गळाकडचं तंगूस धरून ओढा. गाठ मण्यात घुसली तर मणी बदला किंवा शेजारी दुसरी गाठ बांधून ती पहिलीला चिकटवा.

शिसं किती

घरी बादलीत हे काम पाचेक मिनिटांचं आहे, धरणावर वाऱ्यात तासाभराचं. बादलीत पाणी भरा, तिसऱ्या क्रमांकातला रबर आणि स्टॉपर गाठ दोन्ही तात्पुरते शिशाच्या जवळ सरकवा म्हणजे सगळी मांडणी बादलीत मावेल. लीडर तळाला टेकला तरी चालेल, मोठं शिसं मात्र लटकलेलं हवं. फ्लोट पाण्यात सोडा. ५ ग्रॅमच्या फ्लोटला ४ ग्रॅम शिसं कमी पडतं, तो बराच वर राहतो. आता मोठ्या शिशाजवळ एकेक छर्रा वाढवत जा. फक्त रंगीत टोक, साधारण एक सेंटिमीटर, वर राहिलं की थांबा. आमिषाचं वजन पाण्यात फारसं भरत नाही, पण कणकेचा मोठा गोळा लावणार असाल तर टोक थोडं जास्त वर ठेवा.

फ्लोटवर छापलेल्या ग्रॅमवर विसंबू नका. स्वस्तातल्या फ्लोटमध्ये अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे असतो. छर्रे पक्कडीने दाबा, दातांनी नाही. शिसं विषारी आहे, आणि काठावरचे निम्मे लोक छर्रा दाताखालीच दाबताना दिसतात.

खोली मोजणे

आता खरं काम. लोक अंदाजाने सात-आठ फूट ठेवतात आणि दिवसभर बसतात. उजनी धरणाच्या फुगवट्यात एकाच काठावर वीस पावलांत तळ पाच फुटांवरून बारा फुटांवर जाऊ शकतो, कारण खाली जुनी शेतं, बांध आणि विहिरी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, तेव्हा कळतं की आपण काय काय गोष्टींवर गळ टाकत होतो. पवना, मुळशीसारख्या घाटाकडच्या धरणांत काठ तीव्र उताराचा, तिथे दोन मीटर लांब फेकलं तरी खोली बदलते. आणि दिवाळीला घेतलेलं माप होळीला कामाचं नसतं. पाणी खाली गेलेलं असतं.

गळावर १५ ते २० ग्रॅमचं एक शिसं अडकवा. गळाच्या कडीतून तंगूसाचा छोटा फास काढून त्यात घातलं तरी चालतं. स्टॉपर गाठ नक्की कमी पडेल अशा खोलीवर ठेवा, समजा पाच फूट. फेका आणि तंगूस सैल सोडा.

जड शिसं तळाला बसतं. पाणी सात फूट असेल तर गाठ फ्लोटला अडून त्याला पाण्याखाली खेचते, फ्लोट दिसेनासा होतो. बाहेर काढा, गाठ एक फूट वर सरकवा, त्याच जागी पुन्हा फेका. फ्लोट पुन्हा बुडाला, पुन्हा एक फूट. ज्या फेकीला रंगीत टोक पहिल्यांदा पाण्यावर दिसलं, तिथे गाठ आणि गळ यांच्यामधलं अंतर म्हणजे पाण्याची खोली. शेवटची दुरुस्ती तीन-तीन इंचांनी करा.

कमीकडून जास्तीकडेच का जायचं? उलट गेलात तर फसाल. गाठ खोलीपेक्षा एक फूट वर असली तरी लीडरच फक्त तळाला सैल पडतो. मोठं शिसं अजून फ्लोटखाली लटकतंच आहे, त्यामुळे फ्लोट नेहमीसारखा सरळ उभा, सगळं ठीक दिसतं. फ्लोट आडवा पडतो तो गाठ शिसं-ते-गळ अंतराहून जास्त चुकली तरच, म्हणजे आपल्या मांडणीत ४० सेंटिमीटरच्या पुढे. तोवर गळ गाळात लोळत असतो आणि तुम्हाला कळत नाही.

अंतर मोजायला टेप काढत बसू नका. रॉडवर मुठीपासून टोकापर्यंत दर फुटाला इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळून ठेवा, गळ मुठीशी धरला की तंगूस रॉडवरच मोजता येतं. माप मिळालं की गाठीच्या जागेवर मार्करने खूण करा. वीस-पंचवीस फेकींत गाठ सहज अर्धा फूट सरकते, खूण दिसली की चोरी पकडली जाते.

मग ठेवायचं कुठे? मृगळ आणि सायप्रिनस तळाचं खातात: खोली अधिक तीन-चार इंच, म्हणजे आमिष तळावर. रोहू मधल्या थरात, तिथे तळापासून फूटभर वर सुरुवात करून वर वर जात पाहा. कटला वरच्या थरातला, त्याच्यासाठी तळाचं माप घेऊन उपयोग नाही, चार फुटांच्या आत ठेवा. चिलापी काठालगत, तळापासून सहा इंच ते फूटभर वर. पंधरा-वीस मिनिटं टोच नसेल तर आमिषाआधी गाठ हलवा.

फेकणे आणि फेकल्यानंतर

फ्लोट खालच्या रबरापर्यंत आलेला, रॉडच्या टोकापासून मांडणी तीनेक फूट लोंबती. झटका न देता, बाजूने लांब झोका घेऊन फेका. मांडणी पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी रिळाच्या काठावर बोट हलकंच टेकवा. तंगूसाला ब्रेक लागतो, शिसं पुढे, फ्लोट मागे, सगळं सरळ रेषेत पडतं.

यानंतरची चूक जवळपास प्रत्येक नवशिका करतो: पडलं की लगेच रिळाची बेल (तंगूस अडवणारी तारेची कमान) बंद. बेल उघडी ठेवा. शिसं खाली जाताना फ्लोटमधून तंगूस ओढून घेतं, म्हणजे बारा फूट खोलीला जवळपास बारा फूट सैल तंगूस लागतं. ते रिळावरून सुटलं नाही तर मांडणी झोपाळ्यासारखी तुमच्याकडे झुलत येते, आणि मापलेली जागा एकीकडे, गळ दुसरीकडे. फ्लोट आधी आडवा तरंगतो, मग सावकाश उभा राहतो, मग एकदम टोकापर्यंत बसतो. तो बसला की गाठ मण्याला भिडली. आता बेल बंद.

उभा न राहता आडवाच राहिला तर तीन शक्यता: पाणी वाटलं त्यापेक्षा कमी आणि शिसं तळाला टेकलं, तंगूस फ्लोटच्या नळीत किंवा वेढ्यात अडकलं, नाहीतर फेकीत शिसंच निखळून गेलं. काढून पाहा, वाट बघू नका.

वारा असेल तर तंगूसाचा पोटफुगा तयार होतो आणि फ्लोट वाहत जातो. रॉडचं टोक हातभर पाण्यात बुडवा आणि दोन-चार वळसे गुंडाळा, तंगूस पाण्याखाली जाईल. तरी तरंगत असेल तर त्यावर तेलकटपणा आहे. फडक्याला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावून शेवटचे वीस मीटर पुसून घ्या. आरपार नळीच्या फ्लोटचा हा दोषच आहे, तंगूस त्याच्या डोक्यातून निघतं. नेहमी वाऱ्यावर बसणार असाल तर ज्याच्या बुडाशी बारीक कडी असते आणि तंगूस फक्त त्या कडीतून जातं, असा लांबट फ्लोट घ्या. मांडणी तीच.

टोच वाचणे

फ्लोट बुडाला म्हणजे टोच, एवढंच शिकलात तर निम्मे मासे जातील. चिलापी आधी फ्लोट थरथरवते, मग तिरका ओढत नेते. थरथरताना झटका देऊ नका, ती आमिषाचं टोक कुरतडत असते. तिरका सरकला की द्या. रोहू कधी दोन बोटं खाली नेऊन तिथेच धरून ठेवतो.

आणि कधी फ्लोट चक्क वर येतो. हे गळापासून १५ सेंटिमीटरवर लावलेल्या बारीक छर्ऱ्याचं काम. मृगळ तळावरचं आमिष तोंडात घेऊन डोकं वर करतो, छर्रा उचलला जातो, फ्लोटवरचं तेवढं ओझं कमी होतं आणि बारीक टोक एखादा सेंटिमीटर वर सरकतं. पाण्यावरून कुणी पेन्सिल हळूच ढकलल्यासारखं. त्याच क्षणी झटका. जाड फ्लोटवर हा फरक दिसत नाही, म्हणून सुरुवातीला बारीक टोकाचा आग्रह.

झटका देण्याआधी सैल तंगूस गुंडाळून घ्या. सरकत्या फ्लोटमध्ये तंगूस तुमच्यापासून फ्लोटपर्यंत आडवं आणि तिथून खाली उभं असतं, कोनात. तो कोन सरळ होण्यातच अर्धा झटका जातो. म्हणून मनगटाचा हिसका पुरत नाही, रॉड लांब खांद्यापर्यंत ओढून घ्यावा लागतो.

आमिष

गांडूळ सगळ्यांना चालतं. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि पिंजलेल्या कापसाची चिमूट त्यात मिसळा. धागे गोळा धरून ठेवतात, फेकीत उडत नाही. चिलापीला हरभऱ्याएवढा, रोहूला छोट्या लिंबाच्या निम्मा. गळाचं टोक बाहेर डोकावलं पाहिजे.

खाडीत

कोकणात आणि गोव्यात हीच मांडणी तांबोशी आणि जिताड्यासाठी जिवंत कोळंबीवर चालते. फ्लोट १० ते १५ ग्रॅमचा, लीडर इथे उलट मुख्य तंगूसापेक्षा जाड, ०.४५ मिलिमीटर, आणि लांब, ६० सेंटिमीटर. खालचा रबर त्या हिशोबाने वर घ्यायला विसरू नका. कोळंबीच्या डोक्यावरच्या करवती शिंगाखालून गळ घाला. आत दिसणारा काळा ठिपका टाळा, तिथे टोचलं की ती लगेच मरते.

खाडीत खोली दर अर्ध्या तासाला बदलते. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, दक्षिणेकडे कमी. म्हणून इथे स्टॉपर गाठ थोडी सैल बांधा आणि काठावरच्या एका दगडावर पाण्याची रेघ नजरेत ठेवा. रेघ एक फूट चढली, गाठ एक फूट वर.

निघण्याआधी

बहुतेक धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडून स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा. अनेक ठिकाणी थोडे पैसे घेऊन बसू देतात, काही ठिकाणी मनाईच असते. उन्हाळ्यात पाणी हटलेल्या काठाची माती वरून वाळलेली आणि खाली गुडघाभर गाळ असते, काठीने टोचून मगच पाय टाका.

आवरताना लीडर कापून टाका, फ्लोट काढून घ्या, पण स्टॉपर गाठ रिळावर तशीच राहू द्या. पुढच्या वेळी तीच कामाला येते, फक्त आधी नखाने ढकलून पाहायची. कापलेलं तंगूस खिशात घाला. भिगवणच्या काठावर पक्ष्यांच्या पायात अडकलेलं असतं ते हेच, आणि ते त्यांना सोडवता येत नाही.